लोखंडी चाकांची वरात

माझे सासरे लष्करातून हवालदार होऊन परतले ते लाकडाविषयी मनात अढी घेऊनच. सारी नोकरी त्यांनी वर्कशॉपात, ट्रकांखाली झोपून काढली होती. लाकूड म्हणजे 'सिव्हिलियन माल', असं त्यांचं मत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरच्या आमच्या कृष्णाकाठच्या गावात त्यांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि पहिल्यांदा घरचा पाळणा लोखंडी केला. त्यात माझा मुलगा निजला की झोका द्यायला दोन बायका लागत.

बहात्तरचा दुष्काळ सरला, ऊस पुन्हा उभा राहिला आणि थांबलेली लग्नं एकदम निघाली. त्याच हंगामात गावच्या दूध संस्थेचे चेअरमन आमच्या दारात आले. मागं बैलगाडीवर एका जुन्या टांग्याचा सांगाडा होता. मखमली गादी शाबूत, पितळी कंदील शाबूत, चाकं मात्र वाळवीनं खाल्लेली. चेअरमन नुकतेच पाचगणीला जाऊन आले होते. तिथं घोडागाडीत बसून फिरल्यापासून मुलाची वरात घोडागाडीतूनच काढायची, असं त्यांनी मनात घेतलं होतं. शेजारच्या गावच्या सरपंचांनी आपल्या मुलाला मोटारीतून मिरवलं होतं, हे खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. गावाला ते ठाऊक होतं.

"सुतार म्हनतोय, बाभळ वाळायला वरीस जाईल," चेअरमन म्हणाले. "लगीन तर म्होरल्या म्हैन्यात हाय."

"लोखंड वाळवावं लागत न्हाई," सासरे म्हणाले.

चाकाचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगलीची, विश्रामबागेतल्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. विषय वनस्पतिशास्त्र.

"मामा, मी झाडापाल्याचं शिकले," मी सासऱ्यांना सांगून पाहिलं.

"सायन्सच हाय न्हवं? मग काढ."

मला गोल असं एकच चित्र नीट जमायचं, सूर्यफुलाचं. मी मध्ये तुंबा काढला, म्हणजे आस जिथं बसतो तो चाकाचा गड्डा. त्यातून पाकळ्यांसारखे आरे काढले आणि भोवती दुहेरी कडं. चेअरमननी कागद उलटा धरला आणि बराच वेळ पाहिला. चाक उलटं धरलं तरी चाकच दिसतं, त्यामुळे त्यांना खोड काढता आली नाही. "लय भारी," ते म्हणाले.

जाड लोखंडी पट्टी गोल वाकवायची कशावर, हा पुढचा प्रश्न. गावाबाहेर चुना मळायच्या जुन्या घाणीचं दगडी चाक पडून होतं. सासऱ्यांनी भट्टी तिथंच नेली. लालभडक तापलेली पट्टी सांडशीनं धरायची, दगडाभोवती ओढायची, घणानं बसवत न्यायची आणि टोकं भिडली की वेल्डिंगनं सांधायची. माझ्या कागदावरचं माप तिथंच निकालात निघालं. चाक दगडाएवढं झालं. दगड एका अंगाला झिजलेला होता, म्हणून आमची नवी कोरी चाकंही एका अंगाला झिजलेलीच जन्माला आली.

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पेन्शनर मंडळी संध्याकाळी दुकानापुढच्या बाकावर बसत आणि प्रत्येकाकडे चाकाबद्दल एक सूचना असे. आमचे शेजारी तोफखान्यात होते. चाकानं निदान एक तोफ तरी पेलली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"नवरदेव बसनार हाय, तोफ न्हाई," चहा देताना सासूबाई म्हणाल्या.

"आवं वैनी, उद्या बसली तर?"

आरे दुप्पट झाले. दुहेरी कड्यात दगड अडकतील, असं दुसऱ्या कुणाला वाटलं, तेव्हा मधली फट पत्र्यानं बुजवली. तुंब्यात भंगारातल्या ट्रकचा जाड पाइप आला. सूचना नाकारली तर सांगणाऱ्याच्या पलटणीचा अपमान होतो, म्हणून प्रत्येक सूचना वेल्ड झाली. मग कड्यांना लाल आणि आऱ्यांना पिवळा रंग दिला. दिसायला चाकं खरोखर देखणी होती. ती उचलून टांग्याला बसवायला सगळा बाक उठला आणि त्यात तोफखान्याची कंबर धरली.

घोडा लग्नाच्या दिवशीच येणार होता. त्यामुळे चाचणी पेन्शनरांनी ढकलून घेतली. उतारावर घेतली. गाडी पळते, असा निर्वाळा त्यांनी दिला.

लग्न दुपारी लागलं. घोडेवाला सांगलीच्या स्टेशनवरून पांढरा, जरा वयस्क घोडा घेऊन आला होता. तो चाकांभोवती फिरला, एक आरा बोटानं वाजवून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "ह्येला हत्ती सांगायचा हुता."

"जुंप तू," चेअरमन म्हणाले.

नवरा-नवरी बसली, करवल्या बसल्या, मांडीवर मुलं आली. घोड्यानं मान खाली घालून जोर केला. त्याचे नाल घसरले. गाडी हातभर सरकली आणि खडीच्या रस्त्यावर असा आवाज उठला की बँडवाल्यानं क्लॅरिनेट तोंडातून काढली. घोडा थांबला. आपल्याला कशाला बांधलंय हे त्यानं मान वळवून पाहिलं आणि पुढं पाऊल टाकायचं नाकारलं. घोडेवाल्यानं चाबूक न उचलता त्याला सोडवून घेतलं.

पाहुण्यांत पहिल्या खुर्चीवर ते शेजारच्या गावचे सरपंच बसलेले. कुणी हसलं नाही. चेअरमन असताना हसायचं कसं? सासरे हातात पाना घेऊन उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांची फार दया आली. मग ते निघून गेले आणि चेअरमनचाच ट्रॅक्टर घेऊन आले.

"घोडं सजवून म्होरं चालू द्या," ते साखळी अडकवत म्हणाले. "ट्रॅक्टर वडतोय."

"मग त्येला घोडागाडी म्हनायचं का?" चेअरमननी पडेल आवाजात विचारलं.

"ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपावरचा हाय. तुमी तर एकाच घोड्याचं बोलला हुता."

चेअरमनचा चेहरा हळूहळू उजळला. ते सरपंचांकडे वळले. "पस्तीस घोड्यांची गाडी हाय," त्यांनी सांगितलं. सरपंचांनी मान डोलावली, पण ती जड गेली.

पुढं बँड, मग मोकळा घोडा, मग ट्रॅक्टर, मग टांगा, अशी वरात निघाली. बँडवाल्यांचे गाल फुगलेले दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. चाक झिजक्या अंगावर आलं की नवरा-नवरीच्या माना एकदम खाली जात. कडेच्या बायकांना वाटलं, जोडी नमस्कार करतेय. त्याही हात जोडत राहिल्या. एवढी विनयशील सून गावात आजवर आली नव्हती, असं माझ्या सासूबाई माझ्यादेखत म्हणाल्या.

वरात पोचल्यावर सासरे घरी येऊन ओट्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"घोडं बारकंच हुतं, न्हवं?" त्यांनी विचारलं.

"वयही झालं होतं, मामा."

"व्हय," ते म्हणाले आणि पाणी प्याले.

पुढच्या हंगामात तसल्याच गाडीसाठी माणसं येऊ लागली. पहिले आले ते सरपंच, धाकट्या मुलासाठी. चाक हलकं करून देतो, असं सासरे म्हणाले तर त्यांनी साफ नकार दिला. आवाज कमी झाला तर वरात निघाल्याचं कळणार कसं? घोडेवाला आता आमच्याकडचं बोलावणं कधी चुकवत नसे, कारण त्याच्या घोड्याला नुसतं चालायचं होतं.

एकदा रस्त्यांच्या खात्याचे ओव्हरसियर तणतणत आले. चाकांनी रस्त्यावर चाकोऱ्या पाडल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना चहा दिला, चाक दाखवलं. साहेबांनी ते हलवून पाहिलं, हललं नाही. ते विचारात पडले. नदीकडच्या रस्त्यावर नवी खडी टाकून पडली होती आणि रोलर काही येत नव्हता.

"हवालदार," ते जरा हळू आवाजात म्हणाले, "वराती त्या बाजूनं नेता येतील का?"

नदीकडं लग्नघर एकही नव्हतं. तरी त्या वर्षीच्या सगळ्या वराती तिकडून वळसा घालून गेल्या.