एकाहत्तरावी काच

सरकारी दवाखान्याच्या रक्त तपासणीच्या खोलीत ताईंना बावीस वर्षं झाली होती. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना ताईच म्हणत. पेशी मोजणारं नवंकोरं मशीन आलं तेव्हा फीत कापली गेली, फोटो निघाले. सहा महिने ते झकास चाललं. मग त्याला लागणारी रसायनं संपली. पैसे मशीनला मंजूर झाले होते, रसायनांना नव्हते. मोठे डॉक्टर पत्रांवर पत्रं पाठवत, वरून उत्तर यायचं, "पुढच्या अंदाजपत्रकात बघू." मदतनीस निवृत्त झाली, तिची जागाही भरली नाही.

ताईंनी मशीनवर चादर टाकली आणि जुना मायक्रोस्कोप पुसून घेतला. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, डोळ्यांनी पेशी मोजायच्या. माणूस दिवसाला पंचवीस काचा नीट बघू शकतो. ताई ऐंशी बघत. "दारात आलेल्याला कुठल्या तोंडाने परत पाठवू?" म्हणत.

एका दुपारी त्यांचा थोरला भाऊ लेकीला घेऊन आला. सात वर्षांची पोर. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. त्या दिवशी मात्र ती बापाच्या खांद्यावर मान टाकून होती.

"ताप हटत नाही गं. बाहेर तपासायचं म्हणजे..." दादाने वाक्य अर्धंच सोडलं.

"बाहेर कशाला? मी मेलेय का?"

"आत्या, टोचणार?"

"मुंगी चावेल, एवढंच."

"मग मुंगीलाच बोलाव ना!"

ताईंना हसू फुटलं.

तिची काच एकाहत्तरावी होती. ताईंची मान धरली होती, डोळ्यांत पाणी येत होतं. त्यांनी लिहिलं: रक्त कमी, बाकी ठीक. दादाने कागद उलगडलाही नाही. "तू बघितलंस ना? मग झालं."

दोन महिन्यांनी पोरीच्या अंगावर निळे डाग उठले, तेव्हा तिला दूरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. रक्ताचा कॅन्सर. "जरा आधी आणायला हवं होतं," तिथले डॉक्टर म्हणाले. अकराव्या दिवशी खारूताई गेली.

कामावर परतल्यावर ताईंनी जुन्या काचांची पेटी उघडली आणि सकाळच्या स्वच्छ उजेडात ती काच लावली. मोठ्या, बेढब, अर्धवट वाढलेल्या पेशी. एक-दोन नव्हे, जिकडेतिकडे. नवशिक्यानेही ओळखल्या असत्या.

कुणी विचारलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं. पण चौथ्या दिवशी त्या दादाकडे गेल्या.

"दादा, तेव्हाच दिसत होतं त्या काचेत. माझ्याच नजरेतून सुटलं."

दादाने विचारलं, "किती काचा होत्या त्या दिवशी?"

"ऐंशी."

"आणि मशीन चालू असतं तर?"

"पकडलं असतं त्याने."

दादा उठला, स्वयंपाकघराचं दार हलकेच लोटून आला. "हिला सांगू नकोस. आत्याने पोरीसाठी फार केलं, असं अजून सगळ्यांना सांगत असते ती."

ताई तोंडात पदर कोंबून रडल्या. दादाने त्यांना थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही.

आता ताई पंचवीसच काचा बघतात. बाकीच्यांना उद्या यायला सांगतात. लोक भांडतात, नाही नाही ते बोलतात. त्या ऐकून घेतात. परत गेलेल्यांपैकी काही जण पुन्हा येतच नाहीत. संध्याकाळी नमुने घ्यायची खिडकी लावून घेतल्यावर ताईंना त्यांचे चेहरे आठवत राहतात.