कोपऱ्यातलं श्री

आमच्या मेडिकल कॉलेजात औषधशास्त्राचा पेपर त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटर तपासणार होता. प्रश्नाला चार उत्तरं, बरोबर वाटेल त्याची चौकट पेन्सिलीनं काळी करायची, आणि कागद मुंबईला जाणार. "चौकटीबाहेर एक रेघही नको, यंत्र कागद घेणार नाही," असं सरांनी तीनतीनदा बजावलं. मी मान डोलावली आणि कागद हातात येताच वरच्या कोपऱ्यात ठसठशीत 'श्री' लिहून मोकळी झाले. पहिलीपासूनची सवय ती, हात आपसूक गेला.

हे आठवलं ते परीक्षा संपवून देवळालीला घरी आल्यावर, चुलीपुढं भाकरी थापताना. वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एक जरी इषय राह्यला तर शिक्षान बंद. सोनईचं स्थळ थांबलंय." वडील शब्दाचे पक्के होते. त्याचंच मला भय.

पुढचा महिनाभर मी धड जेवले नाही. तपासणारा माणूस असता तर त्यानं हसून सोडून दिलं असतं, नाहीतर त्याचे पाय तरी धरता आले असते. यंत्राचं काय धरणार? उसाच्या गाड्यांमागून पोस्टमनची सायकल दिसली की मी मोरीत जाऊन बसायची. आईला वाटलं, मला दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळत तिनं विचारलं, "पेपरावर श्री लिवलं हुतं न्हवं?"

"हो."

"मंग कशाला भितीस? त्येच तारील."

त्यानंच मी बुडणार आहे, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

अखेर हॉस्टेलच्या मैत्रिणीचं पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं. ती समोर बसली. मी मोठ्यानं वाचलं, "तू पास झालीस." पुढचं मनातच वाचलं. यंत्रानं आपल्या वर्गाचे निम्मे कागद परत टाकले, सगळ्यांवर श्री. सर दोन दिवस खोडरबर घेऊन बसले होते.

"म्या म्हनलं न्हवतं?" आई डोळे पुसत देवापुढं साखर ठेवायला गेली.

पुढच्या परीक्षेला निघताना तिनं पुन्हा बजावलं, "श्री लिव्ह बरं का." मी हो म्हणाले. कागद समोर आला, पेन्सिल कोपऱ्यापर्यंत गेली, आणि मी ती मागं घेतली. त्या कोऱ्या कोपऱ्याची जेवढी भीती वाटली, तेवढी मला यंत्राचीही वाटली नव्हती.