परकारसरांचं लाल कूपन

परकारसर वर्षातून एक आठवडा आमच्याकडे चहा प्यायचे तो कूपन फाडून. मूळचे रत्नागिरीचे, अबू धाबीतल्या एका शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवायचे आणि मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने साखरेवर रेशन लावलं होतं. तो धडा आला की सर मुलांना कूपनांच्या वह्या वाटायचे. आमच्या बिल्डिंगमधल्या विद्यार्थ्यांनी तर घरातलं सगळं गोड सरांच्या 'सरकारी कोठारात' जमा करायचं. सर मला म्हणायचे, "लढाई फक्त फ्रंटवर नसते वहिनी, चहाच्या कपातपण येते. रूल म्हणजे रूल, खलास!"

एका वर्षी आमची लेक इरा सरांच्या वर्गात होती, ती फारच कडक निघाली. साखरेबरोबर गूळ, मध, खजूर, ज्यूससुद्धा तिने वर पोचवला. मला मेलं कौतुकच वाटलं! त्याच आठवड्यात पुण्याहून माझे बाबा आले होते. त्यांना मधुमेह. तिसऱ्या दिवशी जेवायला उशीर झाला आणि बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. "अगं, साखर उतरली माझी," ते म्हणाले. मी कपाट उघडलं, तर सगळे डबे रिकामे.

"बट आई, आपली कूपन्स आर ओव्हर!" इरा म्हणाली.

मी सरांना फोन लावला. लिफ्टची वाट न बघता ते अनवाणी धावत आले, बरणी छातीशी धरून. स्वतः पाण्यात साखर ढवळली. "घ्या काका, सावकाश घ्या." पंधरा मिनिटांनी बाबा म्हणाले, "जरा जास्तच गोड केलंत." माझ्या जिवात जीव आला. मी हसता हसता रडले.

सर मात्र हसले नाहीत. इराला जवळ बसवून म्हणाले, "बेटा, गलती तुझी नाही. तेव्हा आजाऱ्यांना जादा रेशन मिळायचं. ते मी शिकवलंच नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातही तसंच कबूल केलं. तेव्हापासून प्रत्येक वहीत एक लाल कूपन आलं: 'आजाऱ्यासाठी. काही विचारू नये.' इराने आपलं बाबांना दिलं. त्यांनी ते पाकिटात जपलं, पण पुन्हा तशी वेळ आली नाही.

यंदा सर निवृत्त होऊन कायमचे गावी निघाले. शेवटच्या रेशनच्या आठवड्यात निरोपाच्या चहाला आले, तेव्हा बाबाही इथेच होते. सरांची कूपनं संपली होती. "बिनसाखरेचा चालेल वहिनी," ते म्हणाले आणि संपलेली कूपनवही उगाच चाळत बसले.

बाबांनी पाकिटातून लाल कूपन काढून त्यांच्या बशीत ठेवलं.

"मी कुठे आजारी आहे, काका?"

"काही विचारायचं नाही," बाबा म्हणाले आणि त्यांच्या कपात दोन चमचे साखर घातली.