स्टार टाकलेला मेसेज

समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की वाळत्या मोहफुलांच्या वासाने मला कॉमा आठवतो. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आमच्या सरकारी औषध-भांडारात तेव्हा नवा कम्प्युटर आला होता. जंगलातल्या केंद्रांनी गाव, औषध, नग असा मेसेज पाठवायचा, मध्ये कॉमा द्यायचा, की मागणी पडद्यावर हजर! बिरसा गावाकडच्या केंद्रातली नर्सबाई जुन्या फोनवरून कॉमाऐवजी स्टार टाकायची, म्हणून तिची साप चावल्यावरच्या इंजेक्शनांची मागणी कम्प्युटरने फेकून दिली. मी साहेबांना म्हणालो, "गावाच्या नावानंतर जी खूण येईल, तीच त्या मेसेजची खूण माना ना!" साहेब पान चघळत म्हणाले, "फॉर्मेट मतलब फॉर्मेट. सुधारके भेजने दो." त्याच आठवड्यात नर्सबाई इंजेक्शनासाठी जीप घेऊन थेट भांडाराच्या दारात आली. मागच्या सीटवर मोह वेचताना साप चावलेली बाई होती. केंद्रात इंजेक्शन नव्हतं, आणि वाटेतच तिचा श्वास थांबला होता. पदरातली फुलं तशीच होती, सगळी जीप घमघमत होती. साहेब तिथेही कॉमा समजावू लागले. आज मी साहेबांची हुबेहूब नक्कल करतो, लोक पोट धरून हसतात. नर्सबाईची मात्र कधीच करत नाही. ती ओरडली होती, "काहून जी साहेब, साप कॉमा पाहून चावते का?"