सोमवारी रांग नसते

तिसरीतल्या ऋत्विकनं शाळेच्या वहीत ‘माझी आई’ या विषयावर सात ओळी लिहिल्या होत्या. त्यातली चौथी आणि पाचवी अशी होती: ‘माझी आई मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी दवाखान्यात असते. बाकीच्या दिवशी ती झोपते.’ बाईंनी ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दुरुस्त करून खाली लाल शाईनं ‘छान’ लिहिलं होतं.

दीपमालानं वही दप्तरात जशीच्या तशी ठेवली. मग मोरीत गेली, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात बराच वेळ उभी राहिली.

ती चौतीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत जानेफळच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. एकशेऐंशी पोरांची खिचडी, आणि वाढायला एकटी. पण पोरं कधी चेंगरली नाहीत की कुणाची थाळी रिकामी राहिली नाही. पहिलीची पोरं आधी, त्यांच्या मागं दुसरी. दोन बाजूंनी दोन रांगा, आणि धिंगाणा करणारे सातवीतले वाढायच्या कामाला. मग अंगावर सूज आली, जेवण जाईना, आणि तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या संपल्या आहेत. तिच्या आईची किडनी जुळत होती, पण आईला साखर निघाली. मोठ्या दवाखान्याच्या यादीत नाव लावून दीड वर्ष झालं होतं. तोवर आठवड्यातून तीनदा खामगावला जायचं आणि चार तास मशीनला जोडून पडायचं. दिवाळीत डाव्या हाताची सुई टोचायची शीर बंद पडली, म्हणून ऑपरेशन करून कोपराच्या वर दुसरी तयार करावी लागली. त्या वेळी डॉक्टर व्हरांड्यात तिच्या नवऱ्याला, सागरला, हळू आवाजात सांगत होते की हृदयावर ताण येतोय. दार उघडं होतं. तिनं सगळं ऐकलं आणि झोपेचं सोंग घेतलं.

वही वाचली त्या दिवसापासून तिनं एकच धरून ठेवलं. पोरांना एक दिवस द्यायचा. असा, की पुढं कुणी आईबद्दल विचारलं तर त्यांना सांगायला काही असेल. नागपूरच्या अलीकडं ‘मौजनगरी’ नावाचं मोठं पार्क झालं होतं. ऋत्विक मोबाईलवर त्याचीच चित्रं बघायचा. समृद्धी महामार्गानं गेलं तर मेहकरहून साडेतीन-चार तासांत पोचता येत होतं.

मशीनवर पडल्या पडल्या तिनं त्या पार्कचे अकरा व्हिडिओ बघितले. तिकीट घरूनच मोबाईलवर काढायचं. गेट उघडलं की सगळे समोरच्या मोठ्या पाळण्याकडं धावतात, आपण उलट्या बाजूनं सुरुवात करायची. शनिवार-रविवारी एकेका झुल्याला दोन-दोन तास लागतात. सोमवारी मात्र माणूस चालत जाऊन सरळ बसतो. हे सगळं तिनं आरोग्य कार्डाच्या पाकिटामागं लिहून ठेवलं.

डायलिसिसच्या खोलीतला सकलैन नावाचा टेक्निशियन तिच्या हाताला सुया लावायचा. त्याला तिनं विचारलं.

“ताई, जायचंच असंल तर रविवारी जा,” तो म्हणाला. “शनिवारी पाणी काढलेलं असते, तुम्ही हलक्या असता. सोमवार म्हणजे अंगात पाणी भरलेला दिवस.”

“रविवारी तिथं दोन-दोन तास रांग असते भाऊ. मी दोन तास उभी राहीन का?”

“नाही.”

“सोमवारी रांग नसते.”

सकलैननं प्रेशरचा पट्टा सोडला आणि थोडा वेळ तो गुंडाळतच राहिला. “मंग दिवसभरात पाणी अर्ध्या लिटरच्या वर नाही. नारळपाणी नाही, केळं नाही. अन् संत्रं तर बिलकुल नाही. नागपूरले जाऊन राह्यल्या म्हणून सांगतो.”

घरी सासूनं, कौशल्याबाईंनी, एवढंच विचारलं, “डाक्टरले विचारलं का वो?”

“हाव, विचारलं,” दीपमाला म्हणाली. डॉक्टरला तिनं विचारलं नव्हतं. ते नाही म्हणाले असते.

सागर एका शाळेची व्हॅन चालवायचा. त्यानं सोमवारची सुट्टी घेतली आणि मालकाची ईको मागून आणली. पहाटे साडेपाचला ते निघाले. ऋत्विक मागच्या सीटवर उड्या मारत होता. बारा वर्षांची अर्पिता मात्र खिडकीशी गप्प होती. आईच्या पर्समधली पाण्याची बाटली तिनं मागून घेतली, पेनानं तिच्यावर चार रेघा ओढल्या आणि परत दिली. दीपमालाला हसू आलं. पोरगी मात्र हसली नाही.

दहाच्या आधी ते पोचले, आणि पार्किंगमध्येच सागरनं गाडीचा वेग कमी केला.

सात बस उभ्या होत्या. शाळांच्या. निळ्या स्वेटरातली, मरून स्वेटरातली, टोप्या घातलेली पोरंच पोरं. जानेवारी महिना म्हणजे सहलींचे दिवस. एवढी वर्षं शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या हे ध्यानात कसं आलं नाही?

“परत जायचं का?” सागरनं हळूच विचारलं.

“आता कसे परत जाता? चला.”

गेटवरच्या मुलीनं तिचा सुजलेला चेहरा आणि हातावरची पट्टी बघितली. “काकू, व्हीलचेअर देऊ का? पेशंटला मागच्या दारानं सोडतात. तुमच्या घरच्यांनाही रांग लागणार नाही.”

दीपमालानं पोरांकडं बघितलं. खुर्चीत बसलेली आई दाखवायला ती एवढ्या लांब आली नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “मी बिमार नाही.”

सागर काही बोलायच्या आत ती गेटातून आत गेली.

पाण्यात घसरणाऱ्या होडीची रांग दोरखंडाच्या पाच वळणांतून बाहेर आली होती. पाटीवर लिहिलं होतं, इथून पन्नास मिनिटं. ती दहा मिनिटं उभी राहिली. पायातली चप्पल घट्ट व्हायला लागली, तशी ती बाजूला होऊन कट्ट्यावर टेकली. ऋत्विकनं आईकडं, मग रांगेकडं बघितलं.

“आई, आपण नुसतं बसायले आलो का?”

तिनं डोळे मिटले. रांग तिच्या ओळखीची होती. पोरांच्या रांगा तर जास्तच. ही सगळी पोरं शाळेची, म्हणजे शिट्टी वाजली की एकदम उठणार, एकदम जेवायला जाणार. मास्तरांना मोजणी करायची असते, ते कुणालाही मागं ठेवत नाहीत. एक ते दोन. त्या एका तासात हे पार्क रिकामं होणार.

“एक वाजेलोक थांबायचं,” तिनं सांगितलं. “मंग एकाही ठिकाणी रांग लागणार नाही. पाहजो तू.”

तीन तास थांबायचं होतं. सागर पोरांना घेऊन बदकांच्या तळ्याकडं गेला. ऊन कोवळं होतं, पण घसा वाळवंटासारखा झाला होता. बाटलीतलं पाणी अर्पितानं ओढलेल्या दुसऱ्या रेघेवर आलं होतं. समोर एक बाई पोराला संत्रं सोलून देत होती. तो वास आला आणि दीपमालाची जीभ टाळूला चिकटली. कट्ट्याच्या मागं पिण्याच्या पाण्याचे नळ होते. ती उठली. नुसतं तोंड धुवायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. ओंजळ तोंडाशी नेली आणि मग तिला थांबता आलं नाही. वाकून, हनुवटीवरून पाणी ओघळत, ती पीतच राहिली. दोन वर्षांत असं पोटभर पाणी ती प्याली नव्हती.

वर बघितलं तर अर्पिता समोर उभी होती. रुमाल न्यायला आली होती. तिनं नळाकडं बघितलं. रुमाल घेतला आणि गेली.

एक वाजायला पाच मिनिटं असताना शिट्ट्या वाजल्या. निळी पोरं, मरून पोरं, रांगाच्या रांगा जेवणाच्या मंडपाकडं वळल्या. “आता पळा!” दीपमाला ओरडली.

होडीपाशी एकही माणूस नव्हता. चौघं एकाच होडीत बसली. तिनं डावा हात पदरात गुंडाळून छातीशी धरला. होडी वर चढली, क्षणभर थांबली आणि खाली सुटली. दीपमाला जोरात किंचाळली, अगदी मनापासून. पाण्याचा फवारा तोंडावर आला तेव्हा ऋत्विक इतका हसत होता की त्याला उचकी लागली. “परत! आई, परत!” ते परत बसले. मग आगगाडी, मग वाकड्यातिकड्या आरशांची खोली. आरशात सागर बुटका ढोल झाला होता, आणि तोही कधी नव्हे तो मोठ्यानं हसला. चाळीस मिनिटांत तीन ठिकाणं झाली, कुठंही थांबावं लागलं नाही.

आरशांच्या खोलीतून बाहेर येताना तिला श्वास पुरेना.

ती भिंतीला धरून चालली. अजून मोठा पाळणा राहिला होता, ऋत्विकचा सगळ्यात आवडता. वीस मिनिटं हातात होती. “तुम्ही व्हा पुढं,” ती म्हणाली. बोलताना मध्येच थांबावं लागलं. ती बाकावर बसली, पुढं झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून.

“बाबा, थांबा,” अर्पिता म्हणाली. “तिले श्वास लागला.”

“काही नाही लागला. जा तुम्ही. ऋत्विकले पाळण्यात—”

“नाही जात!” अर्पिता एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारची माणसं वळून बघायला लागली. “तू नळावर पाणी पेली. मी पाह्यलं. खुर्ची देऊन राह्यले होते, थेबी नाही घेतली. काऊन? मी सकाळपासून तुह्या पाण्याच्या रेघाच मोजून राह्यली. मले काहीच पाहता नाही आलं. होडीत तू वरडली तं मले वाटलं…”

दीपमालाला उत्तर द्यायचं होतं, पण छातीत हवाच नव्हती. ओठ निळसर पडले होते. सागर गेटकडं धावला आणि खुर्ची घेऊन आला. त्या खुर्चीतून मागच्या दारानं तिला बाहेर काढलं. कुठंच रांग लागली नाही. ऋत्विक खुर्चीचा दांडा धरून पळत होता आणि एकदाही त्यानं पाळण्याकडं मान वळवली नाही.

डायलिसिसची सोय असलेला नागपूरचा दवाखाना शोधून तिथं पोचेस्तोवर साडेतीन वाजले. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. फुप्फुसात पाणी भरलंय, डायलिसिस लगेच करावं लागेल, डॉक्टर म्हणाले. पण सगळी मशीनं चालू होती आणि पहिलं मशीन साडेपाचला रिकामं होणार होतं. दोन तास. आडवं झालं की बुडल्यासारखं व्हायचं, म्हणून ती खाटेवर ताठ बसून राहिली. एकेक श्वास ओढून घ्यावा लागत होता. सागर दर पाच मिनिटांनी नर्सला जाऊन हात जोडायचा. “दादा, आत जो आहे, त्यालाही अर्ध्यात काढता येत नाही,” नर्स म्हणायची. दीपमालाला ते पटत होतं. तीही असाच कुणाचा तरी खोळंबा करत मशीनवर पडून असायची. पण घड्याळाचा काटा हलत नव्हता, आणि काचेच्या दारापलीकडं बाकावर तिची दोन पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. हेच दाखवायला आणलं का मी यांना, असं तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. आता मेले तर ही पोरं आयुष्यभर त्या नळाजवळची आई आठवतील. देवाकडं तिनं काही मागितलं नाही. साडेपाच वाजेपर्यंतचे श्वास तेवढे तिला हवे होते.

पावणेसहाला मशीन सुरू झालं. तीन लिटर चारशे मिली पाणी काढलं. साडेनऊला ती आडवी होऊ शकली.

गावी परतल्यावर ऋत्विकनं होडीची गोष्ट आजीला सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, दुकानात सांगितली. दवाखान्याची गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. अर्पिता आईशी तीन दिवस बोलली नाही. शुक्रवारी संध्याकाळी दोघी मेथी निवडायला बसल्या होत्या. दीपमालाच म्हणाली, “चुकलं माझं.”

अर्पिता देठ मोडत राहिली. मग म्हणाली, “तू आजीले डाक्टरले विचारलं म्हणून सांगतलं. विचारलं नव्हतं ना?”

“नाही.”

“आम्हाले बी असंच सांगतेस. काही नाही झालं, बरी हाओ. मंग मले सारखं तुह्याकडं पाहत राहा लागते. तू खरं सांगितलं तर मले पाहा लागणार नाही.”

दीपमालानं आजवर पोरांना खामगावच्या त्या खोलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. सुया, नळ्या, नळ्यांतून फिरणारं आपलं रक्त, यातलं त्यांना काही दिसू नये, यातच आपली माया आहे असं तिला वाटायचं.

“उद्या शनिवार,” अर्पिता म्हणाली. “मी येऊ का?”

नाही हा शब्द दीपमालाच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. “सकाळी सहाची गाडी असते,” ती म्हणाली. “उठशील का?”

शनिवारी सकलैननं दार किलकिलं करून पोरीला आत घेतलं. पायात वेगळ्या चपला, तोंडाला पट्टी. आधी वजन केलं. आकडा बघून दीपमालानं तो स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला. दोन किलो सहाशे जास्त, म्हणजे अंगात तेवढं पाणी. अर्पितानं मान हलवली. सुई टोचताना तिनं नजर वळवली, मग पुन्हा बघितलं. मशीनची चाकं फिरायला लागली.

“भाऊ, किती वेळ लागते?” तिनं विचारलं.

“चार तास.”

तिनं स्टूल ओढलं, आईच्या उजव्या हाताशी बसली आणि दप्तरातून गणिताची वही काढली.

“इथं उजेड कमी आहे,” दीपमाला म्हणाली. “बाहेर बस.”

“नाही,” अर्पिता म्हणाली. “इथंच बरं आहे.”