करडईच्या तेलातली फटफटी

कडब्याच्या खोलीत पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरपी पट्टी उतरायची आणि तिच्यात भुसकट तरंगत राहायचं. त्या पट्टीखाली माझी फटफटी झोपली होती. अंगावर पोती, बाजूला कडब्याच्या पेंढ्या. पोरानं नवी गाडी घेतली तेव्हा मी तिला तिथं लावली आणि पोराच्या मागं बसायला लागलो. तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. आता त्याची पोरगी कॉलेजला जाती.

मी शाळा फार केली नाही. वाचता येतं, लिहिता येतं आणि आपल्याला काय पाहिजे ते सांगता येतं. तेवढ्यावर निभलं.

शेत आमचं ओढ्याच्या पल्याड, जनावरंही तिकडंच. रोज सकाळी धोतर नेसून, पटका बांधून मी ओट्यावर बसायचो आणि पोराची वाट बघायचो. त्याचा चहा, त्याचा फोन, त्याचं उमरग्याचं काम. तोवर ऊन पायरीवरून माझ्या पावलावर यायचं, मग गुडघ्यावर. एका सकाळी ते मांडीवर आलं तसा मी उठलो.

"उद्यापासनं मी माझा जाणार."

बायको ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "कशावर? नंदीबैलावर?"

"फटफटीवर."

मग मात्र सूप थांबलं.

मुरुमहून मिस्त्रीला बोलावलं. माणूस माझ्याच वयाचा, दाढी कापसासारखी. जवानीत आमची दोघांची निम्मी भांडणं या गाडीपायीच झालेली. त्यानं किकवर हात दाबला. दगड. प्लग काढला, आत बोट घातलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मालक, इंजनाला फोडणी दिलीय काय?"

आमच्या घरात ज्याला जपायचं त्याला करडईचं तेल लागायचं. दाराच्या बिजागरीला तेच, बैलगाडीच्या आखाला तेच, पोळ्याला बैलाच्या शिंगांना तेच, बाळाच्या टाळूला तेच. गाडी ठेवायची झाली तेव्हा गंज चढू नये म्हणून मी प्लगच्या भोकातून वाटीभर घाण्याचं तेल ओतलं होतं. ते आत वाळून लाखेसारखं झालं होतं आणि पिस्टन त्यात मढून बसला होता.

"खायाचं तेल खायाचं असतंय," मिस्त्री म्हणाला. "आता हा हातोड्यानं ठोकून काढावा लागंल. फुटला तर नवा मिळायचा न्हाय."

"गंज हाय का आत?"

"गंज न्हाय."

"मग माझं काय चुकलं? आन् हातोडा लावायचा न्हाय."

"मग काय त्याला हात जोडू?"

"शेक देऊ."

मिस्त्री इतका हसला की त्याला खोकला आला. पण बैलाचा खांदा सुजला की आम्ही काय करतो? वीट तापवतो, पोत्यात गुंडाळतो आणि शेकत बसतो. घाई केली तर बैल जातो. आगीची भीती नको म्हणून मिस्त्रीनं पेट्रोलची टाकी उतरवून आपल्याबरोबर नेली. जाताना एवढं सांगून गेला, की इंजिन गार झाल्यावरच आत डिझेल सोडा आणि चाक हळू हलवत राहा.

मग सकाळी शेक, संध्याकाळी डिझेल. चुलीतली वीट पोत्यातून आणायची आणि इंजिनाच्या अंगाला लावून बसायचं. ऊब लागली की आतून तेलाचा मंद वास सुटायचा. तो वास आला की माझे डोळे मिटायचे, आणि झोप म्हणावी तर ती झोप नव्हती. हिवाळ्यातला रस्ता दिसायचा. दोन्ही अंगाला फुलावर आलेली करडई, पिवळी, मधूनच केशरी. चाकाखाली रस्ता आहे का नाही तेही कळायचं नाही, नुसतं पिवळ्यातून वाहत जाणं. मागं बायको, तिच्या हातातल्या बांगड्या माझ्या खांद्यावर किणकिणतायत. ती काहीतरी सांगतीय आणि वाऱ्यानं शब्द मागंच राहतायत. डोळे उघडले की हातात वीट, आणि दारात तीच बायको, केस पांढरे.

"आता हळदीचा लेप बी लावा," ती म्हणायची. पण दुसरी वीट तीच तापवून आणायची.

एका सकाळी गिअर टाकून मागचं चाक ढकललं, तर ते बोटभर सरकलं. मी कुणाला सांगितलं नाही. परत ढकललं. परत सरकलं. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसं.

मिस्त्री टाकी घेऊन परत आला. टायर, ट्यूब, वायरी बदलल्या. उंदरांनी सीट खाल्ली होती, तिच्यावर बायकोनं जुन्या पटक्याची खोळ शिवली. मिस्त्रीनं किक मारली, मारली आणि गाडी बोलली. निळा धूर गल्लीभर झाला आणि भजी तळल्यासारखा वास सुटला. शेजारीण दारात येऊन विचारायला लागली, "काकू, पावणं आलेत व्हय?"

पोरगा मात्र हसला नाही. "आबा, मिस्त्री काय रोज मुरुमहून किक मारायला येणार हायत? तुमी एकट्यानं चालू करून दाखवा, मग खुशाल न्या. न्हाय जमलं तर पुण्याचा एक माणूस मागतोय, त्याला देऊन टाकू. हौसेनं ठेवंल."

"बघ उद्या," मी म्हणालो.

त्या दिवशी दुपारभर किक मारली. गुडघा पायात राहिला नाही. गाडीत दोष नव्हता, पायात जोर नव्हता. पोरगा बोलला तेवढं खरं होतं, आणि त्याचाच मला राग आला. गाडीला टेकून बसलो. हातातला पाण्याचा तांब्या लवंडला, आणि पाणी मातीतून वाट काढत निघालं. फाटकातून बाहेर, गल्लीनं खाली, ओढ्याकडं. सारी हयात मी या घरात राहिलो, पण आमची गल्ली उताराची आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं.

सकाळी पोरगा तोंडात ब्रश घेऊन उभा राहिला. मी किककडं बघितलंही नाही. गाडीवर बसलो, गिअर टाकला, क्लच धरला आणि पायानं जमीन मागं लोटली. गाडी निघाली. आवाज नाही, काही नाही. शेजारणीचा ओटा मागं गेला, हापसा मागं गेला, एक कोंबडी सावकाश बाजूला झाली. वळणाच्या आधी क्लच सोडला. गाडीला हिसका बसला आणि ती बोलली.

संध्याकाळी पोरगा म्हणाला, "आबा, ह्याला किक मारणं म्हणत न्हायत."

"चालू झाली का न्हाय?"

"झाली."

"एकट्यानं?"

"व्हय."

"मग पुण्याला कळव."

आतून बायको म्हणाली, "आन् सावकाश कळव, त्यास्नी लई आस लागली असंल."

आता मी रोज जातो. मोठ्या रस्त्याला लागत नाही, पाणंदीनंच जातो. पल्याड एक माळ आहे. त्याच्या माथ्यावर लिंबाखाली गाडी लावतो आणि पुढं शेतापर्यंत चालतो. लोक विचारतात, एवढ्या लांब का लावता? मी म्हणतो, सावली हाय.

परत येताना माथ्यावरून गाडी सोडतो. खाली शेतं, ओढा, गाव, सगळं धूसर. हवा कानाशी नुसती कुजबुजते. अंगाला वजन नसतं आणि वय तर नसतंच. अर्ध्या उतारावर क्लच सोडायचा असतो, हे मला माहीत आहे. पण कधी कधी तसाच वाहत जातो, आणि पार खाली आल्यावर आठवण होते.