आमिश टेबलावरचं वर्तुळ

इथे आखातात, मदिनत खलीफातल्या आमच्या शेजाऱ्यांनी अमेरिकेहून ओकचं जेवणाचं टेबल मागवलंय. आमिश लोकांनी हातानं घडवलेलं. "ते लोक घरात वीजसुद्धा घेत नाहीत, वहिनी!" असं ते दर वेळी सांगतात. त्याच टेबलाला तडे जाऊ नयेत म्हणून ते उन्हाळ्यात पुण्याला गेले तरी त्यांच्या घरी एसी चालूच असतो आणि किल्ली माझ्याकडे.

टेबलावर चादर, चादरीवर प्लास्टिक. पाहुण्यांना कोपरा उचलून लाकूड दाखवतात, "हात फिरवून बघा," म्हणतात आणि जेवायला खाली सतरंजीवर बसवतात.

माझी आई नाशिकहून आली आणि आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येईना. शेजाऱ्यांनी प्लास्टिक काढलं, चादर काढली. आईनं वाफाळत्या चहाचा पेला सरळ लाकडावर ठेवला. उचलला तर खाली पांढरं वर्तुळ. खलास, मी मनात म्हटलं, आता शेजार तुटला. ते म्हणाले, "असू दे, काकू. टेबलच आहे."

आता पाहुणे आले की ते दुसराही कोपरा उचलतात. "आणि हे," वर्तुळावर बोट ठेवून सांगतात, "नाशिकचं हातकाम. आमच्या काकूंचं."